गाडा डावीकडं का ओढतो?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कुणी भाकरी थापत असाल, कुणी कांद्याच्या वाफ्यात असाल, कुणी गोठ्यात. हात चालू द्या, कान इकडं द्या.

आज आम्ही बैलगाड्याबद्दल बोलणार आहोत. हसलात ना? आमच्या गटातही आधी हसूच झालं. बचत गटाच्या बायका आणि शर्यतीचा गाडा, हे कुठलं नातं? पण जुन्नर-आंबेगावातलं घर आणि गाडा यांचं नातं तुम्हाला आम्ही सांगायला नको. पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाची यात्रा आली की जे सुरू होतं, ते चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रा संपेपर्यंत. त्या दिवसांत घरात दोनच गोष्टींची चर्चा असते, कांद्याचा भाव आणि गाड्याचे सेकंद. भाव आपल्या हातात नसतो. सेकंद आपल्या हातात आहेत असं घरच्या पुरुषांना वाटतं, आणि मग त्या सेकंदापायी घरातला पैसा निघतो. तो कुठून निघतो, हे आपल्याला माहीत असतं.

आमचं गाव मीना आणि घोड या दोन नद्यांच्या मधलं. गावात शर्यतीचे तीन गाडे आहेत. पूर्वी अकरा होते म्हणे. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. गाडे माळ्यावर चढले, काही पडवीत उभे राहिले, एक-दोन तर चुलीत गेले. बैल विकले गेले. पुढं 2021 च्या 16 डिसेंबरला न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. मधे सात-साडेसात वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत माळ्यावरच्या लाकडाला भुंगा लागला, हे दिसतं. पण गाडा दुरुस्त करायची अक्कलही तेवढीच वर्षं माळ्यावर पडून होती, हे दिसत नाही. आमच्या गावचे सुतारबाबा त्या काळात पलंग आणि प्लायवूडची कपाटं करायला लागले. नव्या पोरांनी गाडा बघितला तो मोबाईलवर. त्यामुळं आता गाड्याला काही झालं की पहिला संशय बैलावर. बैल बदला. आणि बैल बदलणं म्हणजे लाखाची गोष्ट.

तर झालं असं. मंगळवारची गटाची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, आणि एक वहिनी उभ्या राहिल्या. नाव नाही सांगत, त्यांनीच नको म्हटलंय. आपण नुसतं वहिनी म्हणू. त्या म्हणाल्या, "घरच्यांना धुरेचा डावा बैल बदलायचाय. गाडा घाटात डावीकडं ओढतो. बेल्ह्याच्या बाजारात एक खिल्लार बघून ठेवलाय, एक लाख ऐंशी हजार सांगतात. जुना विकून लाखभर येतील. गटाकडून साठ हजार मिळतील का?"

सगळ्या गप्प. मग एक आक्का उठल्या. आक्का आमच्यात वयानं थोरल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या गाड्यापायी दोन म्हशी गेल्या आणि पाटाखालचं रान गहाण पडलं. गटाचा पैसा शौकाला द्यायचा असेल, तर माझी बचत मला परत करा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पंचसूत्रीत अंतर्गत कर्ज नियमित द्या असं आहे, पण कशालाही द्या असं कुठं लिहिलंय? दुसऱ्या बाजूनं एकीनं विचारलं, मोटरसायकलला दिलं तेव्हा कुठं गेला होता हा विचार? तेही खरंच. आम्हाला त्या दिवशी काही ठरवता आलं नाही.

पण बैठक उठता उठता वहिनी जे बोलल्या, त्यानं सगळं फिरलं. त्या सहज म्हणाल्या, "मला नाही वाटत बैलाचा दोष असेल. त्याची मान उजवीकडून घासलीय."

आम्ही विचारलं, मग काय झालं?

त्यांनी हातानं दाखवलं. दोन बैल, वर जू. "बैल स्वतः डावीकडं रेटत असता, तर शिवळ त्याच्या डाव्या अंगाला घासली असती. घासलीय उजव्या अंगाला. म्हणजे तो जू ढकलत नाही, जूच त्याला ढकलतंय. आणि जोडीच्या उजव्या बैलाचीही मान उजवीकडूनच घासलीय. रोज धुते मी दोघांना."

मैत्रिणींनो, गाडा ज्यांचा म्हणून गावात ओळखला जातो, त्यांनी हे बघितलं नव्हतं. बैलाच्या मानेवरून रोज हात फिरतो तो वहिनींचा. आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

मग आम्ही ठरवलं, कर्ज द्यायचं की नाही ते नंतर. आधी गाडा बघायचा. म्हैस घ्यायला कर्ज देताना आपण म्हैस बघतोच की. दूध काढून बघतो, सड बघतो. तसंच.

रविवारी आम्ही सहा जणी वहिनींच्या गोठ्यावर गेलो. भाऊंना, म्हणजे त्यांच्या घरच्यांना, ते काही रुचलं नाही. "आता बायका गाडा तपासणार!" म्हणून ते कडुलिंबाखाली जाऊन बसले. सुतारबाबांना आम्ही बोलावून घेतलं होतं. बाबांचं वय झालंय, पण बोटांना अजून सगळं आठवतं.

ज्यांनी शर्यतीचा गाडा जवळून पाहिला नसेल, त्यांना थोडं सांगतो. हा काही शेणखत वाहायचा गाडा नाही. घाटाची बारी बारा-चौदा सेकंदांत संपते. चढावर चार बैल, पुढं जुकाटाचे दोन आणि मागं धुरेचे दोन, आणि त्यांच्या मागं हा चिमुकला गाडा. ओझं काहीच न्यायचं नाही. त्यामुळं गाडा हलका हवा, सरळ हवा आणि मोडायला नको, एवढ्या तीनच गोष्टी. चाकाच्या मधला लाकडी गड्डा म्हणजे तुंबा. त्यातून निघतात ते आरे. आऱ्यांच्या टोकांना बाहेरून बाकदार लाकडं जोडलेली असतात, त्यांना आमचे सुतारबाबा पुठे म्हणतात. त्यावर लोखंडाची पट्टी, ती धाव. दोन चाकांमधला दांडा तो आख. तुंब्याच्या आत लोखंडी नळकांडं असतं, त्याला बुश म्हणतात, आणि आखाचं टोक त्यात फिरतं. चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ. बस, एवढाच गाडा. शिलाई मशीन यापेक्षा अवघड असतं.

बाबांनी पहिल्यांदा वंगण बघायला सांगितलं. पूर्वी एरंडेल आणि काजळी कालवून वंगण करायचे आणि बांबूच्या नळ्यात भरून गाडीला टांगायचे. आता ग्रीसचा डबा मिळतो. उजव्या चाकाची खीळ काढून बोटावर ग्रीस घेतलं, चिमटीत चोळलं, मऊ लागलं. डाव्या चाकाचं घेतलं तर ते काळंभोर, आणि चोळल्यावर कच लागली. पिठात कच आली की आपल्याला दाताखाली येण्याआधी बोटाला कळतं. तशीच. उन्हात धरलं तर त्यात बारीक चकाकी. लोखंडाचा चुरा होता तो. बुश आणि आख एकमेकांना खात होते.

मग आखाखाली दगड लावून दोन्ही चाकं अधांतरी केली. हातानं एकसारखा जोर देऊन एकेक चाक फिरवलं आणि मोबाईलवर वेळ लावली. उजवं चाक 50 सेकंद फिरत राहिलं. डावं 18 सेकंदांत थांबलं. तीनदा केलं, तीनदा जवळपास तेच. तोवर भाऊ कडुलिंबाखालून उठून दोन पावलं जवळ आले होते.

तिसरी गोष्ट ज्वारीच्या धाटानं केली. धाट जमिनीत रोवून त्याचं टोक धावेच्या अगदी जवळ आणलं, आणि चाक हळूहळू फिरवलं. चाक सरळ असेल तर फट सगळीकडं सारखी राहते. डाव्या चाकाची फट एका जागी बोटभर व्हायची आणि दुसऱ्या जागी धाटाला घासायची. म्हणजे चाक डुलत होतं. आपल्याकडं आऊट म्हणतात ते.

आणि शेवटी एकीला सुचलं, चाकं तोलू या. कांद्याच्या गोण्यांचा काटा तिथंच चाळीजवळ होता. दोन्ही चाकं एकाच जोडीची, एकाच बाभळीची, एकाच दिवशी केलेली. तरी डावं चाक सव्वादोन किलोनं जड निघालं. आम्ही काटा पुन्हा शून्यावर आणून तोललं. तेवढंच.

बाबांनी भाऊंकडं बघितलं. "भिजवलं का रं?"

भाऊ म्हणाले, हो. उन्हाळ्यात लाकूड वाळलं, धाव सैल झाली, वाजायला लागली. म्हणून चाक चार दिवस हौदात टाकलं होतं. लाकूड फुगलं, धाव घट्ट बसली. ही जुनी युक्ती आहे, खोटी नाही. ओझ्याच्या गाडीला चालून जाते. पण लाकूड जे पाणी पितं, ते वजन होऊन चाकाच्या कडेला बसतं.

आता हे कडेचं वजन म्हणजे काय भानगड, ती आम्हालाही त्या दिवशीच समजली. कुंभाराचं चाक आठवा. त्याची कड मुद्दाम जड करतात, म्हणजे एकदा फिरवलं की फिरत राहावं, गाडगं होईपर्यंत थांबू नये. पण तेच चाक सुरुवातीला फिरवायला काय जोर लागतो! गाड्याला नेमकं उलटं हवं. त्याला फिरत राहायचं नाही, उभ्या जागेवरून झटक्यात पळायचंय. साट्यावर एक किलो ठेवला तर बैलाला तो नुसता पुढं न्यावा लागतो. तोच किलो चाकाच्या कडेला असला तर तो पुढंही न्यावा लागतो आणि गरगर फिरवावाही लागतो. वेग घेताना तो दुपटीनं पडतो. म्हणजे सव्वादोन किलो बैलांना साडेचारासारखे, आणि तेही एकाच बाजूला. वर डाव्या बुशात कच. मग गाडा डावीकडं ओढणार नाही तर काय करणार?

बैल बिचारा गाडा सरळ ठेवायला मान लावत होता, आणि आपण त्यालाच विकायला निघालो होतो.

इथं जरा बाहेरच्या जगातलं सांगतो. आमच्यातल्या एकीचा मुलगा चाकणला मोटारीच्या कारखान्यात आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, हे तर लोटसचं गणित आहे. लोटस ही विलायतेतली मोटार कंपनी. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरनं ती काढली. त्याचं म्हणणं, इंजिनाची ताकद वाढवत बसू नका, गाडीचं वजन उतरवा; मग ती सरळ रस्त्यावरच नाही, वळणावरही पळेल. 1957 साली त्यानं लोटस सेव्हन नावाची अगदी हलकी गाडी बाजारात आणली. ती सुट्या भागांतही मिळायची. तशी घेतली की तिथला कर वाचायचा, म्हणून हौशी लोक भाग घरी आणून, अंगणात पाने-पक्कड घेऊन स्वतः जोडायचे. आम्हाला गंमत वाटली. सातासमुद्रापलीकडं पण नवरे अंगणात चाकाखाली दगड लावून बसलेले, आणि बायका विचारत असणार, जेवायला येताय की नाही?

पण त्या मुलानं दुसरीही गोष्ट सांगितली, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. वजन उतरवताना कुठं थांबायचं हे कळलं नाही तर जीव जातो. लोटसच्या गाड्यांवर तो ठपका नेहमी यायचा, फार नाजूक म्हणून. 1970 साली इटलीत मोन्झाच्या शर्यतपट्ट्यावर सरावात योखेन रिंट हा लोटसचा चालक अपघातात गेला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला होता असं तपासात निघालं. पट्ट्याकडेचे कठडेही नीट बसवलेले नव्हते. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मेल्यानंतर मिळालं.

हे ऐकून आम्ही पुन्हा बाबांकडं गेलो. बाबा, आपल्या गाड्यात काय हलकं करायचं आणि काय नाही? बाबा म्हणाले, तुमच्या भाऊंनी आधीच करून ठेवलंय, या दाखवतो. त्यांनी डाव्या चाकाचा एक आरा दाखवला. वजन कमी करायला भाऊंनी आरे तासले होते, आणि तासले ते मुळाशी, जिथं आरा तुंब्यात शिरतो तिथं. नखानं चाचपलं तर केसाएवढी चीर लागत होती. शेजारच्या आऱ्यालाही तसंच. बाबांचं म्हणणं असं की आऱ्याला सगळा जोर मुळाशी येतो. तासायचाच तर मधे पोटात तासावा, मुळाशी हात लावू नये. आख, खीळ आणि जू यांचं वजन तर मोजायचंच नाही. तिथं वाचवलेला किलो कुणाच्या तरी अंगावर येतो. घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. त्यात आपलीच पोरं असतात, खांद्यावर बसून बघणारी. चार बैलांच्या वेगात चाक निखळलं तर ते कुणाच्या घरात शिरेल, सांगता येत नाही.

ती चीर बघून भाऊ खूप वेळ काही बोलले नाहीत. आम्हीही मग टोमणा मारायचा राहूनच गेला.

भाऊंच्या एका मित्रानं बुश काढून बॉल बेअरिंग बसवायचा सल्ला दिला होता. हल्ली तसे गाडे दिसतात. बेअरिंग हलकं फिरतं, यात वाद नाही. पण लाकडी तुंबा उन्हात आक्रसतो, पावसात फुगतो, आणि त्यात लोखंडी बेअरिंग एकसारखं घट्ट बसून राहत नाही. धूळ गेली की तेही कराकरा वाजतं. त्याला झाकण नीट हवं, बसवणारा नीट हवा. बाबा म्हणाले, बुश झिजलं तर महिनाभर आधी आवाज देऊन सांगतं. मला तेच बरं. हे बाबांचं मत. तुमच्या गावात चांगला लेथवाला आणि लोखंडी तुंब्याचं चाक असेल, तर वेगळं निघू शकेल.

आता खर्चाचं सांगतो, कारण आमचं काम तेच. दोन्ही चाकांचे बुश लेथवर नवे करून घेतले, 1,600 रुपये. लोहाराकडून धाव कापून, तापवून पुन्हा चढवली, 900. ते चढवणं बघण्यासारखं असतं. धाव गोवऱ्यांच्या आरात लालभडक करतात, तापली की ती वाढते, तशीच चिमट्यांनी चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना ती आवळते आणि सगळं चाक करकचून धरते. हौदात भिजवायची गरजच राहत नाही. भिजलेलं चाक त्याआधी बाबांनी सावलीत पंधरा दिवस वाळवलं. उन्हात वाळवलं असतं तर तडकलं असतं. दोन आरे नवे बसवले, 1,100. ग्रीस 180. टेम्पोचं भाडं 400. एकूण 4,180 रुपये.

कुठं साठ हजार, कुठं हे.

गटानं चार हजार दिले, वरचे एकशे ऐंशी वहिनींनी आपले घातले. कर्ज वहिनींच्या नावावर, पाचशेचे आठ हप्ते, शेकडा एक व्याज. आक्कांनी ठरावावर सही केली, पण कारणाच्या रकान्यात "शर्यत" लिहू दिलं नाही. "बैलगाडा दुरुस्ती" लिहायला लावलं. आम्ही लिहिलं.

एक अट मात्र आम्ही सगळ्यांनी घातली. गाड्याची वेगळी वही करायची, आणि ती वहिनींनी लिहायची. गेल्या हंगामाचं आठवून लिहायला बसलो, तर पहिल्याच पानावर थांबावं लागलं. धुरेच्या दोन बैलांना रोज दोन-दोन लिटर दूध. लिटरला तीस रुपये धरले तरी दिवसाला 120, महिन्याला 3,600, चार महिन्यांच्या हंगामात 14,400. हे दूध घरच्याच गाईचं, म्हणून ते आजवर कुणी खर्चात धरलंच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, धाकटीला मी चहात दूध घालत नव्हते तेव्हा. एवढंच म्हणाल्या आणि पुढचं लिहायला लागल्या.

आम्ही बैलाच्या विरोधात नाही. बैलाला जोर लागतो, खुराक लागतो. पण पशुवैद्यकांना विचाराल तर ते सांगतात, एकदम ढीगभर कणकेचे गोळे चारले तर बैलाच्या पोटात आंबतं आणि तो आजारी पडतो. वैरण, पेंड हे त्याचं खरं खाणं; धान्य वाढवायचं तर हळूहळू. आता वहिनींच्या घरी आधी अर्धा लिटर दूध चुलीकडं जातं, मग उरलेलं गोठ्याकडं. भाऊंनी कुरकुर केली. बैलानं केली नाही.

कायद्याचंही थोडं ध्यानात ठेवा, कारण दंड झाला तर तोही घरातूनच जातो. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धावपट्टी 1,000 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. बैल शर्यतीला लायक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, काही चालत नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असं कायद्यात आहे. तुमच्या घरच्या बैलाच्या अंगावर वळ दिसला, तर तो तुम्हालाच पहिल्यांदा दिसणार आहे. दिसला की विचारा.

चैत्रात आमच्या गावची यात्रा झाली. आदल्या संध्याकाळी वहिनींनी दोन्ही खिळी स्वतः हलवून बघितल्या, ग्रीस चोळून बघितलं, चाकं फिरवून वेळ घेतली. उजवं 49, डावं 46. सकाळी आम्ही बायका घाटाच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली जमलो होतो. भोंग्यावर भाऊंचं नाव पुकारलं. बारी सुटली, आणि गाडा एका रेषेत वर आला. फार धूळ होती, तरी चाकं डुलत नव्हती हे आम्हाला दिसलं. 13 सेकंद आणि वर काही शतांश. गेल्या वर्षी चौदाच्या पुढं होता. पहिला नंबर नाही आला. दुसराही नाही. ज्यांचे आले, त्यांचे बैल खरंच चांगले होते.

गाडा सोडल्यावर वहिनी गर्दीतून वाट काढत खाली गेल्या. भाऊंना मित्रांनी घेरलं होतं. वहिनींनी डाव्या बैलाची मान कुरवाळली, उजव्या अंगाकडून हात फिरवला, आणि आम्हाला लांबूनच खूण केली. केस परत यायला लागले होते.

त्यानंतर गावातल्या दुसऱ्या दोन गाड्यांच्या घरांतूनही विचारणा आली आहे. एक गाडा उजवीकडं ओढतो म्हणे. येत्या रविवारी आम्ही तिकडं जाणार आहोत, सुतारबाबा येतो म्हणालेत, कांद्याचा काटा आक्का देणार आहेत. आक्कांचा शर्यतीला विरोध आहे, तो आजही आहे आणि रेडिओवर तसं सांगा असं त्यांनी बजावलंय. म्हणून सांगितलं.

वहिनींचे पाच हप्ते आले आहेत, तीन बाकी आहेत. तुमच्या गटात असं काही झालं असेल, किंवा गाड्याच्या चाकाबद्दल विचारायचं असेल, तर रेडिओ केंद्रावर चिठ्ठी द्या. आम्ही बाबांना विचारून सांगू.